कराचीवरून जाणारी सरळ रेषा

मुंबई ते लंडन हवाई अंतर किती, हे आज कुणालाही क्षणात कळतं. संगणकावर दोन विमानतळांची नावं घातली की उत्तर येतं: सुमारे ७,२०० किलोमीटर, साडेनऊ तास. यातला पहिला आकडा पृथ्वीच्या गोलावर मोजलेला असतो. दुसरा बहुतेक वेळा पहिल्यातूनच काढतात: अंतराला ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या सरासरीने भागायचं आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. पहिला आकडा पक्का आहे. दुसऱ्याचा मागोवा घ्यायला लागलं की गणित मागे पडतं आणि राजकारण, कोळसा, वारा, परवाने, युद्धं असं सगळं पुढे येतं.

आधी ती ७,२०० किलोमीटरची रेषा जमिनीवर कुठून जाते ते पाहू. पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर आणि लंडनवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणा. दोरा मुंबईहून वायव्येला निघतो, सौराष्ट्राच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडतो आणि थेट कराचीवर येतो. अगदी कराची शहरावर. तिथून बलुचिस्तान, मग इराणचा पूर्वेकडचा वाळवंटी मुलूख, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा, अझरबैजान, जॉर्जिया, क्रिमियाजवळचा काळा समुद्र, युक्रेनचा नैर्ऋत्य भाग, मग प्रागच्या आसपासचा प्रदेश, जर्मनीतला ऱ्हूरचा औद्योगिक पट्टा आणि शेवटी लंडन. मी हे गणित मांडलं तेव्हा रेषेवरच्या नावांची यादी पुन्हा पुन्हा वाचली. गेल्या शंभर वर्षांत ज्या आकाशांवरून सगळ्यांत जास्त भांडणं झाली, त्यातली निम्मी आकाशं या एकाच रेषेवर आहेत. मुंबई आणि लंडन यांच्यातलं सर्वांत कमी अंतर भूगोलाने केव्हाच देऊन ठेवलं आहे. ते वापरायची मुभा माणसांनी क्वचितच दिली.

अंतर मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सह्याद्रीच्या परिसरातल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं दिला आहे आणि तो कसा काढायचा तेही सांगितलं आहे: एकाच रेखावृत्तावरची दक्षिणोत्तर दोन गावं घ्यायची, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढायचा, त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि त्रैराशिक मांडायचं. मूळ रेखावृत्त तेव्हा उज्जैनवरून जाई. भास्कराचार्यांच्या सव्वाशे वर्षं आधी अल्-बिरूनीने गझनीहून बगदादपर्यंतची अंतरं गोलीय त्रिकोणमितीने बसवली. त्याच्यापाशी कच्चा माल होता तो काफिल्यांच्या मुक्कामांचा. तो व्यापाऱ्यांनी सांगितलेलं वाटेचं अंतर घेई, वळणांसाठी त्यातला काही भाग वजा करी आणि उरलेली लांबी गोलावर मांडी. वाटेवरून सरळ रेषा काढण्याची ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण आजचं विमानशास्त्र नेमकं उलट करतं. सरळ रेषा आधीच ठाऊक असते आणि तिला किती वळसे मिळवायचे एवढाच प्रश्न असतो.

पृथ्वीचा नेमका आकार ठरवण्यात भारतीय भूमीचा वाटा फार मोठा आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि साखळ्या व अवजड थिओडोलाइट घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकला. १८२३ मध्ये काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने या मोजणीवरून १८३० मध्ये पृथ्वीच्या चपटेपणाचे आकडे दिले. भारताचे नकाशे पुढे दीडशे वर्षं त्याच आकड्यांवर निघत राहिले. आता विमानं उपग्रहांच्या मोजणीवर बेतलेला जागतिक आकार वापरतात. मुंबई-लंडनमधल्या त्या ७,२०० किलोमीटरच्या मुळाशी मात्र हिंगणघाटच्या मातीत विसावलेल्या त्या माणसाची पायपीट आहे. तिथल्या किती मुलांना हे शाळेत सांगतात?

भूमिती जागच्या जागी राहिली. प्रवास मात्र समुद्राने करावा लागे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई ते लंडन जवळजवळ २०,००० किलोमीटर पडत आणि शिडाच्या जहाजाला चार ते सहा महिने लागत. वारा मिळेल तसं. १७८१ मध्ये राघोबादादांचा वकील हणमंतराव इंग्लंडला गेला तो अशा काळात. एका प्रश्नाचं उत्तर परत येईपर्यंत वर्ष उलटे आणि तोवर पुण्यातलं राजकारण पार बदललेलं असे.

पहिला मोठा बदल मुंबईच्या गोदीतून झाला. वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोचली. या प्रवासातला बराच वेळ एडन, मोखा, जेद्दा अशा बंदरांत कोळसा भरण्यात गेला. म्हणजे वाफेच्या युगातही प्रवासाचा वेळ इंजिनाबरोबर थांब्यांनीही ठरवला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं, पार विमानांच्या जमान्यातही, हेच चालू राहिलं. सुवेझहून इजिप्तचं वाळवंट उंट-गाड्यांनी ओलांडायचं, अलेक्झांड्रियाहून दुसरी बोट. थॉमस वॅगहॉर्नने या वाटेचा पाठपुरावा करण्यात आयुष्य घालवलं. सातारच्या प्रतापसिंह महाराजांचं गाऱ्हाणं घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले तेव्हा ही वाट नुकती रुळत होती. १८४० च्या सुमारास पोचलेला हा माणूस १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिला. त्याचे धनी १८४७ मध्ये काशीला वारले. ती बातमीही त्याच्यापर्यंत बोटीच्याच चालीने गेली असणार.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुवेझ कालवा खुला झाला आणि समुद्राचं अंतर २०,००० वरून ११,६०० किलोमीटरच्या आसपास आलं. १८७० मध्ये समुद्राखालून तारही मुंबईला पोचली. निरोप आणि माणूस यांच्या वेगाची कायमची फारकत झाली ती इथे. निरोप मिनिटांत जाऊ लागला. माणसाला दोन आठवडे लागतच राहिले. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ ला ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले, मार्सेलला उतरून पुढे गेले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये पोचले. डॉ. आंबेडकरही त्याच परिषदेसाठी त्याच वर्षी मुंबईहून बोटीनेच गेले. तेव्हा विमानसेवा सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, पण मुंबईपर्यंत ती आलेलीच नव्हती.

ती सेवा ३० मार्च १९२९ ला सुरू झाली. इम्पीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत नियमित टपाल आणि प्रवासी नेण्याचं धाडस केलं. भाडं १३० पौंड, वेळ सात दिवस. हे सात दिवस कसे जात ते सविस्तर पाहण्यासारखं आहे. क्रॉयडनहून तीन इंजिनांच्या आर्गोसी विमानाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत. तिथे प्रवाशांना उतरवून रात्रीच्या रेल्वेत बसवत, कारण त्या वाटेने इटलीच्या आकाशात शिरायला ब्रिटिश विमानांना परवानगी नव्हती. रेल्वे जिनोआला पोचली की पाण्यावर उतरणारं विमान भूमध्य समुद्र टप्प्याटप्प्याने ओलांडून अलेक्झांड्रियाला नेई. मग पुन्हा रेल्वेने कैरो. कैरोपासून हर्क्युलीस नावाचं तीन इंजिनांचं दोन पंखी विमान गाझा, बगदाद, बसरा करत इराणच्या किनाऱ्यावरून जास्क, ग्वादर आणि शेवटी कराची. रात्री विमान उडत नसे. प्रवासी विश्रामगृहात झोपत आणि पहाटे पुन्हा निघत.

इराणच्या किनाऱ्यावरून जायची मुभाही तीन वर्षांपुरतीच होती. तेहरानने ती वाढवली नाही, म्हणून १९३२ मध्ये सगळा मार्ग उचलून आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यावा लागला: बहरीन आणि शारजा. शारजाच्या शेखाशी करार झाला, वाळवंटात धावपट्टी झाली, प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखी भक्कम वास्तू उभी राहिली. आखात म्हटलं की आज आपल्याला विमानबदलाची भव्य ठाणी आठवतात. त्यांची पहिली वीट तेहरानच्या नकारामुळे पडली, असं मला ठामपणे वाटतं. मुंबईहून लंडनला जाताना आखातात उतरण्याची सवय भूगोलाने लावलेली नाही.

कराची ते मुंबई हा सुमारे ९०० किलोमीटरचा तुकडा मात्र एका मुंबईकराने जोडला. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या पस मॉथमधून विलायतेचं टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधनासाठी थांबले. पेट्रोलचे डबे तिथे बैलगाडीतून आणले होते. दुपारी ते जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुरा केला. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून तेवढे महिने विमान पुण्याला उतरे. ना बिनतारी यंत्रणा, ना धावपट्टीवर दिवे. आणि तरी ते उड्डाण झालं होतं त्या ७,२०० किलोमीटरच्या सरळ रेषेवर, जवळपास तंतोतंत. अहमदाबादचा वाकडा टप्पा तेवढा सोडला तर. मुंबई-लंडन रेषेचा हा पहिला आठवा भाग नियमितपणे उडवून दाखवणारे पहिले लोक आपले आहेत.

त्याआधी दोन वर्षं, १९३० मध्ये, भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी लावलेल्या बक्षिसाची चुरस होती. टाटा कराचीहून क्रॉयडनकडे निघाले, आस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा उलट दिशेने. दोघं अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरला भेटले. आस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला देऊन टाकले. आस्पी कराचीला पोचला तेव्हा टाटांना अजून लंडन गाठायचं होतं. बक्षीस आस्पीला मिळालं आणि पुढे तो स्वतंत्र भारताचा हवाई दलप्रमुख झाला. त्या प्रवासातली अंतरं आणि तास नोंदवहीत असतील. मला तो प्लग अधिक मोलाचा वाटतो.

जुहूला टपाल उतरलं त्याच १९३२ सालात लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. तिथल्या मराठी माणसाला घरचं पत्र आधीपेक्षा लवकर मिळू लागलं ते याच सुमाराला. स्वतः विमानाने येणं-जाणं त्याच्या आवाक्यात यायला आणखी तीन-चार दशकं जायची होती.

८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा, लंडन. पस्तीस प्रवासी, स्वतः टाटाही त्यांच्यात. सात दिवसांचा प्रवास आता एका दिवसाच्या आसपास आला. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे होती, तरी मुंबईत काही ठिकाणी घड्याळं अजून जुन्या मुंबई वेळेवर, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे चालत. ही सवय १९५५ पर्यंत टिकली. दोन शहरांच्या रेखांशांतला खरा फरक तेवढाच आहे. त्या विमानात दिशादर्शक म्हणून वेगळा अधिकारी असे. तो छतावरच्या काचेच्या घुमटातून ताऱ्यांचे कोन मोजून विमान कुठे आहे ते ठरवी. भास्कराचार्यांना ही पद्धत परकी वाटली नसती.

जिनिव्हाचा थांबा मात्र आल्प्सच्या कुशीत होता आणि त्याची किंमत दोनदा मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जण गेले. बहुतेक प्रवासी भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले. समुद्रावर जगणारी ही माणसं डोंगरावर गेली. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून निघालेलं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर कोसळलं आणि ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यात डॉ. होमी भाभा होते. विमानातलं एक दिशायंत्र नादुरुस्त होतं. नियंत्रकाने रडारवरून सांगितलेलं स्थान आणि वैमानिकाने समजून घेतलेलं स्थान यांत फरक पडला. पर्वत मागे पडला असं समजून विमान खाली उतरवायला घेतलं होतं. पर्वत पुढेच होता. दोन ठिकाणांमधलं अंतर हा आकडा आपण किती निर्धास्तपणे वाचतो. त्या सकाळी काही किलोमीटरच्या चुकीने भारताच्या अणुविज्ञानाचा शिल्पकार हिरावला गेला.

वेगाची झेप घेतली ती जेटने, आणि ती एकदाच घेतली. ऑगस्ट १९५२ पासून ब्रिटिशांचं कॉमेट लंडन-कोलंबो मार्गावर रोम, बैरुत, बहरीन, कराची, मुंबई असे थांबे घेत येऊ लागलं. पण धातूच्या थकव्यामुळे कॉमेटची विमानं हवेतच फुटली आणि १९५४ मध्ये ती जमिनीवर ठेवावी लागली. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं १९६० मध्ये लंडनला जाऊ लागली. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर उडे, ७०७ नऊशेच्या. १९७१ मध्ये ७४७ आलं, त्यातल्या जडत्वावर चालणाऱ्या यंत्रणेने तारे मोजणाऱ्या अधिकाऱ्याची गरज संपवली, इंधनाच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि थांबे हळूहळू गळत गेले. पुढचा टप्पा ध्वनीहून वेगवान विमानांचा असणार, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. एअर इंडियाने दोन कॉनकॉर्डसाठी नावही नोंदवलं होतं. ते नंतर सोडून दिलं. आज मुंबई-लंडन उडणारं विमान ७०७ पेक्षा वेगवान नाही म्हटलं तरी चालेल. साठ वर्षांत इंधन वाचलं, आवाज कमी झाला, अपघात फार कमी झाले. वेग तिथेच आहे.

वेग थांबला की प्रवासाचा वेळ दोनच गोष्टी ठरवतात: वारा आणि वाट.

वाऱ्याची गोष्ट जपानमधून येते. वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचे वारे मोजले आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा प्रचंड झोत त्यांना सापडला. जगाला कळावं म्हणून त्यांनी तो १९२६ मध्ये एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला. जगाने तो वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी विमानांना तोच झोत भोवला, तेव्हा त्याची दखल घेतली गेली. लंडनहून मुंबईला येताना तास-सव्वा तास कमी लागतो त्याचं श्रेय या झोताला. जाताना तोच तेवढा वेळ वसूल करतो. अंतराच्या गणकात जाणं आणि येणं सारखंच दिसतं.

वाटेची गोष्ट कायद्यात आहे. १९१९ च्या पॅरिस कराराने, आणि मग ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने, प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाची पूर्ण आणि एकट्याची मालकी दिली. समुद्रावर जहाजाला जशी मोकळीक आहे तशी आकाशात विमानाला नाही. वरून नुसतं जायलाही परवाना लागतो, आणि बहुतेक देश त्याचे पैसे घेतात. हा कायदा मला अन्यायाचा वाटत नाही. बाँबवर्षाव पाहिलेल्या पिढीने तो केला. पण त्याने एक झालं. सरळ रेषा ही तिच्याखालच्या प्रत्येक देशाच्या मर्जीवर टांगली गेली.

मुंबई-लंडन रेषेवर ती मर्जी पहिल्याच थांब्याला, कराचीला, चार वेळा ठळकपणे मोडली. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ नावाचं भारतीय फोकर विमान पळवून लाहोरला नेऊन जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केलं आणि दोन्ही देशांमधली हवाई वाहतूक १९७६ मध्ये पूर्ववत झाली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ आणि २००३ अशी दोन वर्षं पुन्हा बंदी. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९. आणि पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने त्याला उत्तर दिलं आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. दिल्लीच्या प्रवाशांना याचा फटका फार मोठा बसतो. त्यांची विमानं आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे येतात आणि मग पश्चिमेला वळतात. मुंबईच्या विमानाला समुद्र जवळ असल्यामुळे वळसा त्या मानाने लहान पडतो.

पुढच्या थांब्यांचं काय? शीतयुद्धात कॉकेशस आणि युक्रेन ही सोव्हिएत आकाशं होती. इराण आणि इराक १९८० ते १९८८ लढत होते. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. ८ जानेवारी २०२० ला तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्राने पाडलं. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना पूर्ण बंद आहे. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धात इराण आणि इराक या दोन्हींची आकाशं बंद झाली आणि भारतातून युरोपला निघालेली काही विमानं अर्ध्या वाटेवरून परत फिरली. आता ती सुरुवातीची यादी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. कराचीपासून क्रिमियापर्यंत या रेषेवरचं एकही मोठं आकाश असं नाही, जे गेल्या पन्नास वर्षांत कधी ना कधी बंद किंवा धोक्याचं नव्हतं.

मग विमान जातं कुठून? साधारण असं: अरबी समुद्र, ओमानच्या बाजूने आखात, परिस्थितीप्रमाणे इराक किंवा सौदी अरेबिया, मग तुर्कस्तान किंवा इजिप्त, बाल्कन देश, जर्मनी. गंमत अशी की सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-लंडन रेघ ओढली, तर तीही आखाताजवळून, बगदादवरून, तुर्कस्तानातून जाते. ही रेघ गोलावरच्या सर्वांत लहान रेषेपेक्षा फक्त २०० किलोमीटरने लांब, म्हणजे सुमारे ७,४०० किलोमीटर आहे. शाळेत भिंतीवरच्या नकाशावर आपण ओढली असती ती रेघ. १९२९ ची विमानंही तिच्याच आसपासून गेली. म्हणून मुंबईचा प्रवासी नशीबवान म्हणायचा: त्याची अडचणीची वाट सोयीच्या वाटेपेक्षा फार लांब नाही. पण इराक बंद झाला आणि सौदी-इजिप्तवरून जावं लागलं की वेळ झपाट्याने वाढतो, जास्त इंधन घ्यावं लागतं, त्यापायी सामान आणि प्रवासी कमी करावे लागतात, आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा आड येते.

आज मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकात साधारण दहा तास दिसतात. हा वेळ चाकांखालचे अडथळे काढल्यापासून लंडनला ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं, लंडनवर उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं. १८३० नंतर एकशेतीस वर्षांत हा प्रवास काही महिन्यांवरून काही तासांवर आला. त्यानंतर थांबे गळले, पण विमानाचा वेग जागेवरच राहिला. आणि गेल्या दहा वर्षांत बऱ्याच दिवशी तो प्रवास लांबला आहे. यंत्रं सगळी तयार आहेत. विमान, इंधन, उपग्रह, हवामानाचा अंदाज, कशातच उणं नाही. उणी आहे ती शेजाऱ्यांमधली बोलणी, आणि म्हणून मुंबई-लंडन साडेनऊ तास हा गणकावरचा आकडा मी अंदाज मानतो, हमी मानत नाही. पुढे जोडविमान पकडायचं असेल तर तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, असंच मी कुणालाही सांगेन.

या मागोव्यात एक जागा अजून रिकामी आहे, आणि ती वाचकच भरू शकतात. कंपन्यांची वेळापत्रकं जपलेली सापडतात, पण ती ठरलेला वेळ सांगतात. लागलेला वेळ सांगत नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत शिकायला, नोकरीला, लग्न होऊन विलायतेला गेलेली मराठी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. विमान कुठे कुठे उतरलं, कैरोत की बैरुतला किती वेळ बसवून ठेवलं, ’७१ नंतर वाट कशी बदलली, हे त्यांना आठवतं. त्यांच्या ट्रंकेत लाल कार्बनची तिकिटपुस्तकं, सामानाच्या चिठ्ठ्या, विमानातून टाकलेली पत्रं असतात. ती रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख, विमानाचा क्रमांक, थांबे आणि पोचायला प्रत्यक्ष लागलेले तास एका कागदावर लिहून घ्या, त्यांच्याकडून तपासून घ्या आणि गावातल्या वाचनालयाला किंवा तिकडच्या महाराष्ट्र मंडळाला त्याची एक प्रत द्या.